उनपदेवच्या झऱ्यातील सायनोबॅक्टेरिया : सायनोफायसिनचे कण वेगळे कसे करावेत?

प्रश्न (विद्यार्थिनी, जळगाव)
अडावदजवळच्या उनपदेव येथील गरम झऱ्यातून मिळालेला एक तंतुमय सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू) बीजी-११ या पोषक माध्यमात ४५ अंश सेल्सिअसला चांगला वाढत आहे. पेशींत चमकदार कण दिसतात. ते सायनोफायसिनचे (नायट्रोजनचा साठा), ग्लायकोजेनचे (कर्बोदकाचा साठा) की पॉलिफॉस्फेटचे (फॉस्फरसचा साठा), हे ठरवायचे आहे. सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून गाळ बसवणारे यंत्र), सोनिकेटर (ध्वनिलहरींनी पेशी फोडणारे यंत्र) आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रवाच्या रंगाची तीव्रता मोजणारे यंत्र) यांच्या बळावर हे होईल का?

उत्तर १ (प्राध्यापक, धुळे)
नक्की होईल. ग्लायकोजेनचे कण साध्या सूक्ष्मदर्शकात दिसण्याइतके मोठे नसतात, त्यामुळे ते वगळा. पॉलिफॉस्फेट टोल्युइडिन ब्ल्यू या रंजकाने जांभळट-लाल रंगते, तेवढी चाचणी आधी करून घ्या.

सायनोफायसिन हे अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या साखळीला आर्जिनीन (दोन्ही अमिनो आम्ले) जोडलेले बहुवारिक (पॉलिमर) असून ते उदासीन पाण्यात विरघळत नाही, पण सौम्य आम्लात विरघळते. सारी पद्धत या एका गुणावर उभी आहे. पेशी बर्फात ठेवून थांबत थांबत सोनिकेट करा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून मिळालेला गाळ १ टक्का ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटने वरचे पाणी हिरवे दिसेनासे होईपर्यंत धुवा, मग तो ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळून पुन्हा फिरवा. आता सायनोफायसिन वरच्या द्रवात असते. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत सामू (पीएच) ७ कडे नेला की नितळ द्रव दुधासारखा गढुळतो. हा साका पुन्हा आम्लात विरघळवून पुन्हा बसवल्यास शुद्धता वाढते. आर्जिनीन साकागुची या रंग देणाऱ्या चाचणीने मोजा, मात्र शुद्धीकरणानंतरच, कारण पेशीतील इतर प्रथिनांतही आर्जिनीन असते.

उत्तर २ (संशोधक, नंदुरबार)
सरांच्या पद्धतीला वाढीच्या अवस्थेची जोड द्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. नायट्रेट भरपूर ठेवून फॉस्फेट कमी केल्यास सायनोफायसिन साचते आणि पॉलिफॉस्फेट घटते, म्हणजे गोंधळ मुळातच कमी होतो. पेशी स्थिर अवस्थेत (वाढ थांबल्यावर) गोळा कराव्यात, कारण जोमाने वाढणाऱ्या पेशींत हा साठा थोडाच असतो. ४५ अंशांना फ्लास्कमधील पाणी झपाट्याने उडते आणि क्षार दाट होतात, म्हणून निर्जंतुक पाण्याची भर घालत राहावे.

अंतिम खात्रीसाठी साका ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना २४ तास ठेवून अमिनो आम्लांचे विश्लेषण बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घ्या. अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि आर्जिनीन जवळजवळ समप्रमाणात आले, तर शंकेला जागा राहत नाही.