सॅमसंगचं बटण दाबून धरलं की असिस्टंट उघडतो; फोन नीट बंद-चालू कसा करायचा?

पर्वतीपायथा

नमस्कार. आईकडे सॅमसंग गॅलेक्सी ए मालिकेतला फोन आहे, बाबांकडे रेडमी. दोन्ही कित्येक महिन्यांत बंदच झालेले नाहीत. आमच्याकडे 'फोन बंद केला' म्हणजे स्क्रीन काळी केली, एवढाच अर्थ. हल्ली ॲप उघडायला वेळ लागतो, कीबोर्ड मागाहून येतो, आणि बाबांच्या फोनवर रेंज पूर्ण दिसत असूनही फोन लागत नाही.

सॅमसंगचं बाजूचं बटण दाबून धरलं तर बंद करायचा पर्याय येतच नाही, असिस्टंट बोलायला लागतो. रेडमीत रीबूट आणि पॉवर ऑफ असे दोन पर्याय दिसतात, त्यातला कोणता घ्यायचा? किती दिवसांनी करायचं? रात्रभर बंद ठेवला तर व्हॉट्सॲपचे मेसेज बुडतात का? तपकीर गल्लीतल्या एका दुकानात सांगितलं की सारखं बंद-चालू केल्याने बॅटरी जाते. खरं आहे का? दोघंही बोटाच्या ठशानेच फोन उघडतात, त्यामुळे शक्यतो सोपी पद्धत सांगा.

नारायणपेठी

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण गाडी तिथेच अडते. फोन बंद होऊन चालू झाला की पहिल्या वेळी ठसा किंवा चेहरा चालत नाही. पिन, पॅटर्न किंवा पासवर्डच लागतो. अँड्रॉइड तसाही ७२ तासांनी एकदा पिन मागतो, पण पुष्कळ घरांत तो घरातलंच दुसरं कोणीतरी टाकून देतं आणि ज्यांचा फोन त्यांना तो ठाऊकच नसतो. म्हणून बंद करायच्या आधी सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीन, मग स्क्रीन लॉकचा प्रकार इथे जा. फोन पिन विचारेल. बरोबर लागला की काही न बदलता मागे या. पिन आठवत नसेल तर फोन बंद करू नका. ठशाने उघडतोय तोवर फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप काढून घ्या, कारण पिन विसरलेला फोन एकदा बंद झाला की बहुतेक वेळा सगळं पुसण्यावाचून इलाज उरत नाही.

सिमलाही वेगळा पिन लावलेला असू शकतो. तो तीनदा चुकला की फोन पीयूके (सिमचं कुलूप उघडायचा कोड) मागतो. पीयूके कंपनीकडून मिळतो. तो अंदाजाने टाकत बसू नका, दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बाद.

आता सॅमसंग. वरून खाली दोनदा बोट ओढा (नव्या आवृत्तीत वरच्या उजव्या कोपऱ्यातून एकदा), तिथे पॉवरचं चिन्ह दिसेल. त्यावर टॅप केलं की पॉवर ऑफ आणि रीस्टार्ट येतात. हवा तो निवडा, खात्रीसाठी फोन परत एकदा टॅप करून घेतो. बटणानेच करायचं असेल तर आवाज कमी करायचं बटण आणि बाजूचं बटण एकत्र धरा आणि मेनू दिसला की लगेच सोडा. कायमचा उपाय हवा तर सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड फीचर्स, साइड बटण (जुन्या फोनवर साइड की), दाबून धरल्यावर काय उघडायचं तिथे पॉवर ऑफ मेनू निवडा. आईंसाठी हेच करून द्या, त्यांना पुन्हा असिस्टंटशी गप्पा माराव्या लागणार नाहीत.

रेडमीत रीबूट पुरे. रीबूटमध्ये फोन पूर्ण बंद होऊनच परत उठतो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन आणि रीस्टार्ट यांत फरक पडतो, तो घोळ इथे नाही. पॉवर ऑफ लागतो तो सिम किंवा मेमरी कार्ड काढताना, फोन बरेच दिवस कपाटात ठेवताना, आणि पावसात भिजला तर. भिजलेला फोन चार्जरला लावायचा नाही, आणि तांदळाच्या डब्यातही नको; दाण्यांचा भुगा चार्जिंगच्या तोंडात जातो.

पॉवर ऑफ केल्यावर स्क्रीन काळी झाली म्हणजे फोन बंद झाला असं नाही. त्या काही सेकंदांत ॲप बंद होत असतात, मेमरीतला अर्धवट मजकूर स्टोरेजवर लिहिला जातो, आणि फोन नेटवर्कला 'मी चाललो' असं कळवतो. ३० सेकंद थांबा, मग बटण दाबून चालू करा. बंद झालाय याची खात्री हवी असेल तर अँड्रॉइडला चार्जर लावा: नेहमीची लॉक स्क्रीन न येता फक्त बॅटरीचं मोठं चित्र आलं की तो खरंच बंद आहे.

चालू झाल्यावर पिन टाकेपर्यंत काम अर्धवटच असतं. अँड्रॉइड ७ पासून फोन पिनआधी मोजक्याच गोष्टी उघडतो: फोन येऊ शकतो, घड्याळाचा अलार्म वाजतो, पण व्हॉट्सॲपचे मेसेज येत नाहीत आणि फोन करणाऱ्याच्या नावाऐवजी नुसता नंबर दिसतो, कारण कॉन्टॅक्ट्स अजून कुलपात असतात. रात्री अपडेटनंतर फोन आपोआप रीस्टार्ट झाला आणि सकाळी 'व्हॉट्सॲप बंद पडलं' अशी ओरड होते, ती याचमुळे. पिन टाकल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं फोन जड वाटेल. तेव्हाच 'काही फरक नाही' म्हणू नका.

मेसेज बुडत नाहीत. व्हॉट्सॲप न पोचलेला मेसेज ३० दिवस सर्व्हरवर ठेवतं, तोवर पाठवणाऱ्याला एकच टिक दिसते. पण फोन पूर्ण बंद असेल तर बहुतेक फोनवर अलार्म वाजत नाही. सकाळच्या गोळ्या अलार्मवर असतील तर रात्रभर बंद ठेवू नका.

बॅटरीचं म्हणणं निराधार. लिथियम बॅटरी झिजते ती चार्जिंगची चक्रं आणि उष्णता यांनी.

संगणक_सदाशिव

नारायणपेठींच्या उत्तरात एकच भर: रीस्टार्टने काय होत नाही, तेही ताईंनी आईबाबांना सांगावं. रॅममधली (चालू कामांच्या तात्पुरत्या मेमरीतली) अडकलेली कामं, मेमरी सोडायला विसरलेली ॲप, गोंधळलेला मोडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग), ब्लूटूथ हे सगळं नव्याने सुरू होतं. पण स्टोरेज भरलेलं असेल तर ते तसंच राहतं, ॲपची कॅशेही (साठवून ठेवलेल्या तात्पुरत्या फाइली) बहुतेक तशीच राहते. ६४ जीबीचा रेडमी असेल आणि जेमतेम १-२ जीबी मोकळे असतील तर रोज सातदा रीबूट करा, कीबोर्ड मागूनच येणार. आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधले शुभ सकाळचे व्हिडिओ उडवा: सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज.

किती दिवसांनी? आठवड्यातून एकदा. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०२० च्या मोबाइल सुरक्षेच्या सूचनांत आठवड्याला एकदा बंद-चालू करा असंच म्हटलं होतं, आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बानीज यांनी रोज रात्री पाच मिनिटं बंद ठेवायचा सल्ला दिला होता. कारण असं की हेरगिरीचे काही प्रोग्रॅम फक्त रॅममध्ये राहतात आणि रीस्टार्टला पुसले जातात. म्हणून सगळेच जातात असं नाही, आणि आपल्या आईवडिलांना खरा धोका हेरांपेक्षा वीजबिलाच्या नावाने आलेल्या लिंकचा आहे. पुण्यात गुरुवार धरा. पाणी बंदच्या बातमीमुळे तो वार तसाही लक्षात राहतो.

शेवटचं रीस्टार्ट कधी झालं ते बघायचं असेल तर सेटिंग्ज, अबाउट फोन, स्टेटस, तिथे अप टाइम. ३०० तासांच्या वर आकडा दिसला तर आधी रीस्टार्ट, मग तक्रार. सॅमसंगमध्ये हे आपोआपही होतं: डिव्हाइस केअर, ऑटो ऑप्टिमायझेशन, तिथे ठरलेल्या वेळी रीस्टार्ट निवडता येतं. पण पहाटे तीनची वेळ देऊ नका. पिनआधीच्या अवस्थेत फोन सकाळपर्यंत पडून राहील. आई जाग्या असतील ती दुपारची वेळ द्या.

वनाज_ते_रामवाडी

बाबांच्या 'रेंज आहे पण लागत नाही' साठी रीस्टार्टच्या आधी एअरप्लेन मोड करून बघा. मेट्रोच्या सिव्हिल कोर्ट स्टेशनला भुयारातून वर आल्यावर फोन कधीकधी जुन्याच टॉवरला चिकटून बसतो, कांड्या दिसतात पण डेटा हलत नाही. एअरप्लेन मोड चालू, १५ सेकंद थांबा, बंद. फोन नव्याने नेटवर्कला नोंदणी करतो. ट्रेनच्या दारात उभं राहून क्यूआर तिकीट उघडायचं असेल तेव्हा हे दोन मिनिटांच्या रीस्टार्टपेक्षा बरं. याने भागलं नाही तर रीस्टार्ट. त्यानेही नाही तर फोन बंद करून सिम काढा, कोरड्या सुती कापडाने पुसा, परत बसवा. मग तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा; तिथेही तेच होत असेल तर दोष सिमचा.

पर्वतीपायथा

सगळ्यांचे आभार, आईच्या फोनचं साइड बटण बदललं. पण रीस्टार्टनंतर तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात 'सेफ मोड' असं लिहून आलंय आणि व्हॉट्सॲपचं चिन्ह करडं झालंय. शिवाय मावशीचा आयफोन ११ गोठलाय, स्क्रीनला हातच लागत नाही. तो कसा बंद करायचा?

नारायणपेठी

सेफ मोडला घाबरू नका, काही पुसलं गेलेलं नाही. त्यात बाहेरून टाकलेली ॲप बंद ठेवली जातात, एवढंच. फोन सुरू होताना आवाज कमी करायचं बटण दाबलेलं राहिलं की सॅमसंग या मोडमध्ये जातो. परत रीस्टार्ट करा, सुटेल. पुन्हा पुन्हा तेच झालं तर कव्हर काढून रीस्टार्ट करा. घट्ट कव्हर ते बटण दाबून धरतं. कव्हर काढूनही तसंच असेल तर बटण आत अडकलंय, ते दुकानातच दाखवावं लागेल.

आयफोन ११ गोठलेला असेल तर: आवाज वाढवायचं बटण दाबून लगेच सोडा, आवाज कमी करायचं दाबून लगेच सोडा, मग बाजूचं बटण दाबून धरा. मध्येच बंद करायची पट्टी दिसली तरी सोडू नका, ॲपलचं चिन्ह आलं की सोडा. ही पद्धत आयफोन ८ पासून पुढच्या सगळ्यांना. एरवी साधं बंद करायचं तेव्हा उलट: बाजूचं आणि आवाजाचं कोणतंही एक बटण एकत्र धरा, पट्टी आली की लगेच सोडा आणि पट्टी ओढा. धरूनच ठेवलं तर काउंटडाउन सुरू होऊन ११२ ला फोन जातो. बटण नीट चालत नसेल तर सेटिंग्ज, जनरल, अगदी तळाला शट डाउन.

अँड्रॉइड गोठला तर सॅमसंगवर बाजूचं आणि आवाज कमी करायचं बटण साधारण १० सेकंद. रेडमीवर नुसतं पॉवरचं बटण १०-१५ सेकंद. पिक्सेलवर ३० पर्यंत. हे काम पॉवरची चिप स्वतंत्रपणे करते, म्हणून सॉफ्टवेअर मेलं तरी चालतं. पण ते रोजचं साधन नाही. यात फोनला लिहिणं पूर्ण करायची सवड मिळत नाही: रेकॉर्ड होत असलेला व्हिडिओ नंतर उघडत नाही, कारण त्याची सूची रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. सिस्टिम अपडेट चालू असताना तर अजिबात नाही. अपडेटची पट्टी हलत नसेल तरी चार्जर लावून तासभर थांबा.

बटणांच्या गडबडीत रेडमीवर काळ्या स्क्रीनवर 'फास्टबूट' आलं, तर पॉवरचं बटण १०-१५ सेकंद धरा, फोन नेहमीसारखा सुरू होईल. रिकव्हरीची यादी आली तर आवाजाच्या बटणांनी वर-खाली जाऊन 'रीबूट' म्हटलेली ओळ निवडा आणि पॉवरने पक्की करा. त्याच यादीत 'वाइप डेटा' असतं, त्याने सगळा फोन पुसला जातो. बाबांना ती ओळ एकदा दाखवून ठेवा.