चारचाकीच्या परवान्यावर द्राक्षाचा ट्रक कसारा घाटातून नेता येईल का?

प्रश्न : बागाईतदार_निफाड

नमस्कार. निफाड तालुक्यात आमची सहा एकर द्राक्षबाग आहे. जानेवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत वाशीच्या बाजार समितीत माल पाठवण्यासाठी आम्ही आजवर भाड्याच्या गाड्यांवर अवलंबून राहिलो. ऐन तोडणीच्या दिवसांत गाडी मिळत नाही आणि मिळाली तर भाडे परवडत नाही, म्हणून यंदा दिवाळीत आम्ही भावांनी मिळून एक जुना सहाचाकी ट्रक घेतला. तो माझा पुतण्या चालवणार आहे. त्याचे वय २१ वर्षे आहे आणि त्याला चारचाकीचा परवाना मिळून आठ महिने झाले आहेत. शेतात तो ट्रॅक्टर उत्तम चालवतो, मालाने भरलेली ट्रॉलीही चालवतो.

ज्यांनी ट्रक विकला त्यांचे म्हणणे असे, की सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर साडेसात टनांच्या आतली गाडी साध्या परवान्यावर चालते आणि या ट्रकच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) रिकामे वजन ४,१५० किलो असल्याने काहीच अडचण नाही. मात्र त्याच आरसीवर १०,९५० किलो असा दुसरा आकडाही आहे. विमा प्रतिनिधी म्हणतात की वेगळा परवाना काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. यांपैकी कोणाचे खरे मानावे? दुसरी शंका घाटाची आहे. पुतण्याने कसारा घाट मोटारीने अनेकदा उतरला आहे, पण भरलेला ट्रक घेऊन एकदाही नाही. हे त्याला कोणाकडून आणि कसे शिकवावे?

उत्तर १ : निवृत्त_निरीक्षक

मी मोटार वाहन विभागात अनेक वर्षे निरीक्षक होतो. तुमच्या विमा प्रतिनिधीचे म्हणणे बरोबर आहे. गाडी विकणाऱ्यांनी सांगितलेला निकाल खरा आहे, परंतु त्यांनी आरसीवरचा चुकीचा आकडा वाचला आहे आणि ही चूक मी शेकडो लोकांना करताना पाहिली आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये हलक्या वाहनाची व्याख्या करताना दोन वेगवेगळी मापे वापरली आहेत. मोटारकार, ट्रॅक्टर किंवा रोडरोलर असेल तर रिकाम्या वाहनाचे वजन पाहतात. मालवाहतुकीचे वाहन असेल तर वाहन आणि त्यात भरण्यास मुभा असलेला माल मिळून होणारे एकूण वजन, म्हणजे नोंदणी प्राधिकाऱ्याने आरसीवर प्रमाणित केलेला मोठा आकडा पाहतात. मर्यादा दोन्हीकडे ७,५०० किलो हीच असल्यामुळे गल्लत होते. तुमच्या ट्रकचा विचार करायचा तर ४,१५० हा आकडा बाजूला ठेवावा लागेल. १०,९५० किलो हे वजन साडेसात टनांच्या वर आणि बारा टनांच्या आत येते, त्यामुळे कायद्याच्या भाषेत हे मध्यम मालवाहू वाहन आहे. त्यात त्या दिवशी एकही क्रेट नसला तरी त्याचा वर्ग बदलत नाही.

आता निकालाविषयी. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्याला त्याच वर्गातले वाहतुकीचे वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद करून घ्यावी लागत नाही. त्यावर शंका घेतल्या गेल्या आणि प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेले. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभादेवी प्रकरणात त्या पीठाने हीच भूमिका कायम केली. छोटा हत्ती, पिकअप आणि एकूण वजन साडेसात टनांच्या आत असणारे इतर टेम्पो यांच्या चालकांना या निकालाने मोठा दिलासा मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. साडेसात टनांच्या पुढच्या गाड्यांना मात्र हा निकाल लागू होत नाही. धोकादायक माल वाहून नेणाऱ्या गाड्यांचे विशेष नियमही तसेच राहिले आहेत.

म्हणून पुतण्याला परिवहन वाहनाचा, म्हणजे लोक ज्याला ‘हेवी लायसन्स’ म्हणतात तो, परवाना काढावा लागेल. वयाची अट २० वर्षांची आहे, ती तो पूर्ण करतो. मात्र परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो, त्यामुळे त्याला आणखी चार महिने थांबण्यावाचून पर्याय नाही. त्यानंतर नोंदणीकृत डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रशिक्षण प्रमाणपत्र लागेल. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये काढून टाकली आहे, तेव्हा शिक्षणावरून कोणी अडवले तर ते मान्य करू नका.

परवाना मिळाल्यावर तो पाच वर्षे चालतो. पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस परवाना प्रभावी मानला जाई. २०१९ च्या सुधारणेने ती सवलत काढली आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येतो, तेव्हा हंगाम सुरू होण्यापूर्वी तारीख पाहून ठेवत जा.

उत्तर २ : दावे_वकील

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर मी काम करतो, म्हणून गाडीच्या मालकाला, म्हणजे तुम्हाला, काय भोगावे लागू शकते तेवढेच सांगतो.

योग्य परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिल्याबद्दल मालकाला पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात आणि चालकाला स्वतंत्रपणे पाच हजारांचा दंड आहे. लोक या रकमा ऐकतात आणि एका खेपेच्या भाड्याशी त्यांची तुलना करतात. खरे संकट विम्याचे असते. अपघातात कोणी दगावले आणि चालकाकडे त्या वर्गाचा परवाना नव्हता असे सिद्ध झाले, तर न्यायाधिकरण बहुधा विमा कंपनीला पीडित कुटुंबाची भरपाई आधी देण्यास सांगते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई कित्येक लाखांत जाते. अशा वसुलीत जमीन विकावी लागलेली घरे मी पाहिली आहेत. शिवाय तुमच्या स्वतःच्या ट्रकच्या नुकसानीचा दावाही याच कारणावरून नाकारला जाऊ शकतो.

गाडी जुनी घेतली आहे, म्हणून आणखी एक सुचवतो. आरसी आणि विमा दोन्ही तुमच्या नावावर झाले आहेत का आणि पासिंगची (फिटनेस प्रमाणपत्राची) मुदत शिल्लक आहे का, हे पहिल्या खेपेच्या आधी पाहा.

उत्तर ३ : कसारा_सव्वीस_वर्षे

मी सव्वीस वर्षे मालट्रक चालवतो आहे आणि त्यातली बहुतेक नाशिक-मुंबई रस्त्यावर गेली आहेत. कायद्याचे वरच्या दोघांनी सांगितले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावे असे मला मनापासून वाटले, कारण त्या प्रश्नाचे उत्तर मला कोणी वेळेवर दिले नव्हते.

मी परवाना काढला तेव्हा एका ड्रायव्हिंग स्कूलने मैदानात रिकाम्या ट्रकच्या चार-पाच फेऱ्या मारून घेतल्या आणि प्रमाणपत्र हातात दिले. चाचणीही रिकाम्या गाडीवरच झाली. पंधरा दिवसांनी मी कांद्याने भरलेला ट्रक घेऊन कसारा उतरत होतो. इंजिनचा आवाज कमी राहावा आणि गाडी सुसाट वाटू नये म्हणून मी वरचा गिअर ठेवला आणि सारा भार ब्रेकवर टाकला. अर्ध्या घाटात जळका वास आला, आरशात मागच्या चाकांतून धूर दिसला आणि पुढच्या वळणावर पाय दाबूनही गाडी पुरती आवरेना. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या क्लीनरने ओरडून खालचा गिअर टाकायला लावला आणि डोंगराच्या बाजूला गाडी घासत घासत थांबवून घेतली. कोणाला इजा झाली नाही. तो माणूस त्या दिवशी माझ्या गाडीत नसता तर आज मी हे लिहिले नसते.

त्या दिवशी नेमके काय झाले ते पुतण्याला समजावून सांगा. चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या ड्रमला आतून लायनर (ब्रेकचे अस्तर) घासून वेग कमी होतो, तेव्हा वेगाची उष्णता होते. पाय सतत ब्रेकवर राहिला तर ड्रमला थंड व्हायला वेळच मिळत नाही, तापलेले लायनर पकड सोडतात आणि तापून फुगलेला ड्रम लायनरपासून दूर सरकतो. म्हणजे ब्रेक ‘फेल’ झालेले नसतात, चालकाने ते वापरून संपवलेले असतात. म्हणून उतारावर गाडी धरून ठेवण्याचे काम इंजिनने करायचे असते. ज्या गिअरमध्ये हा चढ चढावा लागेल त्याच गिअरमध्ये, किंवा त्याहून एक खाली, उतार सुरू होण्यापूर्वीच यायचे. मध्ये उतारावर गिअर बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी मोकळी सुटते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक) असेल तर तो चालू ठेवायचा. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून वेग पुरेसा खाली आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. हलका पाय ठेवून अख्खा घाट उतरणे हीच मोटार चालवणाऱ्याची सवय असते आणि ट्रकमध्ये तीच घात करते.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारे, काही तर इंजिनच बंद करणारे चालक आजही आहेत. पुण्याच्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती अपघात झाले ते सगळे महाराष्ट्राने पाहिले आहे, आणि न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाड्यांचा उल्लेख त्यात वारंवार येतो. हवेचे ब्रेक असलेल्या गाडीचे इंजिन बंद केले की कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली हवा कमी होत जाते आणि नवी भरत नाही. त्याच वेळी स्टेअरिंगही जड होते. वाचलेले डिझेल लिटरभराचेही नसते. पुतण्याने बाकी सगळे विसरले तरी एवढे विसरू नये.

द्राक्षाविषयी वेगळे सांगतो, कारण हा माल कांद्यासारखा बसून राहत नाही. क्रेटची थर उंच जाते, वजन वर येते आणि वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. थरांमध्ये फट राहिली तर माल सरकतो आणि सरकलेला माल गाडीला आणखी ओढतो. हौदा मागून-पुढून घट्ट भरावा, दोर दोन ठिकाणी जादा बांधावा आणि इगतपुरीपर्यंत आल्यावर पुन्हा ताणून पाहावा. घाटनदेवीपाशी अनेक चालक थांबतात. दर्शनाबरोबर टायर, दोर आणि हवेचे मीटर पाहून घेण्याची ती योग्य जागा आहे.

आता तुम्हाला समृद्धी महामार्गाचाही पर्याय आहे. इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसाऱ्याची वळणे टळतात. पण इगतपुरीची उंची कुठेतरी उतरावीच लागते, त्यामुळे खालच्या गिअरची सवय तिथेही लागेल.

झोपेचे मात्र कोणत्याही रस्त्याने टळत नाही. दुपारी तोडणी, संध्याकाळी भरणी आणि पहाटेच्या बाजारासाठी रात्री प्रवास, असा तुमचा क्रम असणार. घरचाच मुलगा म्हणून तो दिवसभर बागेत राबेल आणि रात्री स्टेअरिंगवर बसेल, ही माझी सर्वांत मोठी काळजी आहे. मोटार परिवहन कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. घरच्या गाडीवर ती मोजायला कोणी येत नाही, म्हणून तुम्हीच मोजा. ज्या दिवशी गाडी जायची त्या दिवशी दुपारनंतर त्याला बागेत कामाला लावू नका, झोपू द्या.

बागाईतदार_निफाड

तिघांचेही मनापासून आभार. वकीलसाहेबांचा परिच्छेद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला आणि दोन्ही भावांनी ऐकला. या हंगामात परवानाधारक चालक पगारावर ठेवायचे आम्ही ठरवले आहे. मग पुतण्याने शेजारी बसून शिकावे आणि मोकळ्या रस्त्यावर थोडे चालवून पाहावे, हे चालेल का? आमच्याकडे एक पिकअपही आहे, तिचे एकूण वजन साडेतीन टनांच्या आत आहे.

निवृत्त_निरीक्षक

पिकअप तो आजच्या परवान्यावर चालवू शकतो, अगदी मालासह. ट्रक मात्र शिकाऊ परवाना हाती येईपर्यंत सार्वजनिक रस्त्यावर थोडासुद्धा चालवू देऊ नका. तो मिळाल्यावरही ‘एल’ची पाटी आणि शेजारी परवानाधारक चालक असलाच पाहिजे. ड्रायव्हिंग स्कूल निवडताना परिवहन वाहनासाठी किमान तीस दिवसांचे प्रशिक्षण आणि त्यात पंधरा तास प्रत्यक्ष गाडी चालवणे अपेक्षित आहे, हे ध्यानात ठेवा. तास पूर्ण न करता प्रमाणपत्र देऊ करणाऱ्याकडे जाऊ नका. अधिमान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्र सोयीचे असेल तर तेथे अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो आणि माझ्या मते तो वेळ द्यावा.

कसारा_सव्वीस_वर्षे

शेजारी बसून शिकणे हेच उत्तम. पहिल्या दहा खेपा त्याला फक्त पाहू द्या आणि प्रत्येक उताराआधी चालकाने कोणता गिअर घेतला, हवेचे मीटर किती होते, ब्रेक किती वेळा दाबला, हे वहीत लिहायला सांगा. परतीच्या वाटेवर गाडी रिकामी असताना त्याच जागी काय वेगळे होते तेही त्याने लिहावे. रोज सकाळी हवेच्या टाक्यांतले पाणी काढायचे काम त्याच्याकडेच द्या. टाकीखालची साखळी ओढली की आधी पाणी येते, मग नुसती हवा. नुसती हवा येईपर्यंत ती सोडायची नाही.