प्रति: शेवेचा भाव पाडून ब्रँडवाल्यांशी लढावं का?

भाव पाडायचा म्हणताय, पण भिया, त्या पॅकेटवाल्यांचं बेसन नि तेल ट्रकच्या हिशोबात येतं, तुम्ही किलोमागे दहा सोडले की ते पंधरा सोडतील अन् मार्जिन तुमचंच जाईल. आपल्या इंदूरचा सराफाच बघा ना, दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, ती बंद झाली की रात्री त्यांच्याच समोर भुट्ट्याचा कीस नि थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, म्हणजे बाकी बाजार झोपला की यांचा धंदा सुरू. तुम्ही संध्याकाळी गिऱ्हाईकासमोर गरम घाणा काढा, लवंग शेव, लसूण शेव, पॅकेटात तो गरमपणा कुठून येणार?

आणि तळणाऱ्या कारागिराबद्दल इथे कोणीच बोललं नाही! चव त्याच्या हातात, तो दिवाळीच्या तोंडावर शेजारी गेला तर? उचल देता ते ठीकच, पण आधी भट्टीपाशी एक्झॉस्ट लावा अन् गिऱ्हाइकांसमोर त्याला झापणं बंद करा.