चर्चा धागा: एका सत्रासाठी स्वीडन-डेन्मार्कला जाणे ही आईबापांच्या पैशाने काढलेली सहल आहे का?

शेवंती

परवा एका गृहस्थांनी लिहिले की, ‘विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या नावाखाली एका सत्रापुरती स्वीडन-डेन्मार्कला जाणारी मुले शिकायला जातच नाहीत, ती आईबापांच्या पैशाने पाच महिन्यांची सहल काढतात आणि परत येऊन मिरवतात.’ मी पुण्याच्या एका महाविद्यालयातून स्वीडनच्या लुंड विद्यापीठात एक सत्र शिकून आले आहे. ते वाक्य दोन दिवस डोक्यातून गेले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पैशाचे बोलू. आपल्याकडून पूर्ण पदवीसाठी तिकडे जायचे तर आता शुल्क भरावे लागते. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना डेन्मार्कने ते २००६ मध्ये लावले, स्वीडनने २०११ मध्ये आणि इतकी वर्षे हात राखून असलेल्या नॉर्वेनेही २०२३ मध्ये लावले. देवाणघेवाणीने जाणारा विद्यार्थी मात्र आपले नेहमीचे शुल्क आपल्याच महाविद्यालयात भरतो आणि तिकडे त्याला शिक्षणशुल्क पडत नाही. माझे वडील एसटीत होते. आमच्यासारख्या घरातल्या मुलीला त्या वर्गात बसण्याचा एवढा एकच दरवाजा होता आणि त्यालाच सहल म्हटलेले मला सहन होत नाही.

आता अभ्यासाचे. तिथे सत्राला तीस क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) असतात, पण आपल्यासारखे सहा विषय एकदम अंगावर येत नाहीत. माझ्या विभागात साडेसात क्रेडिटचा एक विषय साधारण पाच आठवडे चालायचा, त्याची परीक्षा व्हायची आणि मग पुढचा विषय सुरू व्हायचा. आठवड्याला तीन-चारच तास असायचे. दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो, ही तिथली जुनी रीत आहे. पहिल्या आठवड्यात मलाही वाटले की इथे सुट्टीच आहे. पहिल्या परीक्षेने तो समज मोडला.

परीक्षा पाच तासांची होती. उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचे नसते, मिळालेला सांकेतिक क्रमांक लिहायचा असतो, म्हणजे तपासणाऱ्याला वही कोणाची हे कळत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीने कॉफीचा थर्मास, दोन केळी आणि पावाचा डबा ओळीने मांडून ठेवला होता. पहिला तासभर तिने जवळजवळ काही लिहिलेच नाही. ती केळे सोलून खिडकीबाहेर पाहत बसली होती. मी आपल्या सवयीप्रमाणे पहिल्या मिनिटापासून लिहीत सुटले, तीनदा जादा कागद मागून घेतले आणि अडीच तासांत वही देऊन बाहेर पडले. मी नापास झाले. शेरा एवढाच होता की माहिती बरोबर आहे, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यात नाही. शाळेपासून पदवीपर्यंत मला पुरवण्यांच्या संख्येवर गुण मिळत आले होते आणि हे वाक्य मला कोणीही ऐकवले नव्हते. फेरपरीक्षा तिथे नेहमीची गोष्ट आहे, तिचा डाग लागत नाही. मी तिला बसले आणि दोनच पानांत उत्तीर्ण झाले. ज्यांना यात सहल दिसते त्यांनी सहलीला गेल्यावर रात्री तीनपर्यंत वाचनालयातल्या पुस्तकांची टिपणे काढली आहेत का, हे मला विचारायचे आहे.

एक बाप

आपण प्रांजळपणे लिहिले आहे, पण हिशेब अर्धाच मांडला आहे. शुल्क नसते हे खरे. राहणे-खाणे फुकट असते का? स्वीडनच्या निवास-परवान्यासाठी दर महिन्याला दहा हजार क्रोनरांहून अधिक रक्कम खात्यावर दाखवावी लागते, आणि क्रोनरला आठ-नऊ रुपये धरले तर पाच महिन्यांचे चार लाखांच्या वर जातात. विमान आणि गरम कपडे वेगळेच. माझा मुलगा डेन्मार्कला ओऱ्हूसला गेला होता. त्यासाठी मी पतपेढीतून कर्ज काढले आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

तेही सोसले असते. परत आल्यावर त्याच्या इथल्या महाविद्यालयाने तीस क्रेडिटांपैकी दोनच विषयांचे मान्य केले आणि उरलेले विषय त्याला मागच्या वर्गातल्या मुलांबरोबर पुन्हा करायला लावले. जे विषय मान्य केले त्यांचेही गणित ऐका. डेन्मार्कमध्ये गुणांची सात पायऱ्यांची मोजपट्टी आहे: उणे तीन, शून्य, दोन, चार, सात, दहा आणि बारा. त्यातला सात हा चांगला निकाल मानला जातो. आमच्या कार्यालयातल्या गृहस्थांनी सातला बाराने भागले आणि गुणपत्रिकेवर अठ्ठावन्न टक्के चढवले. ती परीक्षा तोंडी होती. चिठ्ठी उचलून प्रश्न घ्यायचा आणि प्राध्यापकांबरोबर बसलेल्या बाहेरच्या परीक्षकांसमोर वीस मिनिटे उत्तर द्यायचे. त्या दिवशी फोनवर मुलाचा आवाज थरथरत होता, आणि इथे त्या सगळ्याचे अठ्ठावन्न झाले. शेवंतीताई, मुले सहलीला जातात असे मी म्हणत नाही, पण आईबापांचे पैसे पाण्यात जातात असे नक्की म्हणतो.

निवृत्त मास्तर

मी बत्तीस वर्षे महाविद्यालयात शिकवले. क्रेडिटांचा प्रश्न सुटेल, पण मुले तिकडून जी वृत्ती घेऊन येतात तिचे काय करायचे? स्वीडनच्या गोथेनबर्गला सत्र करून आलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने मला पत्र लिहिले, त्यात ‘सर’ नाही, ‘आदरणीय’ नाही, आडनावही नाही. वर नुसते माझे पहिले नाव होते, जे माझ्या आईनंतर कोणी घेतलेले नव्हते. मी ते पत्र मिटून ठेवले आणि उत्तर दिले नाही. जिथे विद्यार्थी गुरूला अरेतुरे करतो तिथे ज्ञान कसे टिकते, हे मला समजत नाही.

सायंतारा

मास्तर, ते टिकते, आणि कसे ते मी पाहून आले आहे. मी नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला होते. माझ्या मार्गदर्शकांना सगळे पहिल्या नावानेच हाक मारत आणि मलाही जिभेला वळण लावायला तीन आठवडे लागले. माझा पहिला अहवाल त्यांनी परत दिला तेव्हा त्यातला दोन तृतीयांश मजकूर पेन्सिलीने खोडलेला होता आणि समासात प्रत्येक ठिकाणी ‘हे तुला कशावरून कळले?’ एवढेच लिहिले होते. नावाने हाक मारल्यामुळे त्यांनी एक वाक्यही सैल सोडले नाही. इकडे मी ज्यांना वाकून नमस्कार करत होते त्यांनी माझा प्रकल्प न उघडता त्यावर सही केली होती. यातला आदर कोणता, ते आपणच सांगावे.

आणि ‘तू’ म्हणजे अनादर हे आपल्या भाषेतही खरे नाही. आपण आईला ‘तू’ म्हणतो, विठोबाला ‘तू’ म्हणतो.

निवृत्त मास्तर

विठोबाला ‘तू’ म्हणण्याआधी वारकरी आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी चालत जातो. ती जवळीक कमावलेली असते. पहिल्या तासाला ओळखदेख नसताना उच्चारलेले ‘तू’ आणि ते ‘तू’ एकाच तागडीत तोलू नका. आपली प्रकल्पाची तक्रार रास्त असेल, पण ती एका आळशी माणसाविरुद्धची तक्रार आहे. तिचा राग आमच्या पिढीच्या सगळ्या शिक्षकांवर काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

शेवंती

मास्तर, जवळीक कमवावी लागते हे मला मान्य आहे आणि वारीचा दाखला मला खोडता येत नाही. पण स्वीडिश लोकांचे हे ‘तू’ उद्धटपणातून आलेले नाही, त्याच्यामागे एक अडचण होती. त्यांच्याकडेही ‘तुम्ही’सारखा ‘नी’ हा शब्द होता, पण तो वरच्याने खालच्याला उद्देशून वापरण्याचा झाला होता आणि पुष्कळांना तो अपमानाचा वाटे. म्हणून समोरच्या माणसालाच त्याच्या हुद्द्याने, तिसऱ्या पुरुषात बोलावे लागे. डॉक्टरांच्या तोंडावर ‘डॉक्टरसाहेब कॉफी घेतील का?’ असे विचारायचे. ज्याला हुद्दा नाही त्याला काय म्हणायचे, हा प्रश्न उरायचाच. साठच्या दशकात ‘दू’ म्हणजे ‘तू’ पसरू लागले होते. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेद हे तिथल्या वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख झाले आणि आपण कार्यालयात सर्वांना ‘तू’ म्हणू असे त्यांनी जाहीर केले. तेव्हापासून त्या बदलाला त्यांचे नाव चिकटले. प्रमुखाने शिपायाला ‘तू’ म्हणणे नवे नव्हते, शिपायानेही प्रमुखाला तेच म्हणावे हे नवे होते.

शिवाय ‘सर’ हा शब्द तरी आपला कुठे आहे? गुरुजी आणि मास्तर हे शब्द महाविद्यालयांतून कोणी घालवले?

पोलादी

हाकेवरून इतके प्रतिसाद पडले आणि देवाणघेवाणीतल्या ‘देवाणी’कडे कोणाचे लक्ष नाही. हा दोन्ही बाजूंचा व्यवहार आहे. त्यांच्याकडून मुले आली तरच आपल्याला जागा मिळत राहतात. स्वीडनचे विद्यार्थी तर सरकारी शिक्षणसाहाय्य परदेशी अभ्यासासाठीही वापरू शकतात, तरी ते आपल्याकडे का येत नाहीत? आमच्या वसतिगृहावर एक स्वीडिश मुलगी आली होती. पहिल्याच आठवड्यात रात्री फाटक बंद झाल्यावर ती पावसात बाहेर उभी राहिली. पुढे पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आड आला, कारण तिच्या मते तिने पुस्तक वाचले होते आणि त्या तासात तेच वाचून दाखवत होते. दोन महिन्यांत ती निघून गेली. पुढच्या वर्षी त्यांच्याकडून कोणी आले नाही आणि आमच्या दोन जागांची एक झाली. माझा नंबर त्या गेलेल्या जागेवर होता. तो राग माझ्या मनात अजून आहे आणि तो मी लपवणार नाही.

सायंतारा

पोलादी, हे वाचून वाईट वाटले. तिकडेही सगळे आलबेल नसते, हे मात्र सांगायला हवे. डिसेंबरात ट्रॉन्डहाइमचा दिवस जेमतेम साडेचार तासांचा असतो. दहाला उजाडते आणि अडीचला दिवे लागतात. बसमध्ये शेजारी बसलेले माणूस स्वतःहून बोलत नाही. नोव्हेंबरात मी तीन आठवडे खोलीबाहेर फक्त वर्गासाठी पडले आणि घरी फोनवर ‘मजेत आहे’ असे सांगत राहिले. जाण्यापूर्वीच्या माहितीसभेत बर्फाची चित्रे दाखवली होती; याबद्दल कोणी अवाक्षर काढले नव्हते.

मला बाहेर काढले ते तिथल्या विद्यार्थी क्रीडामंडळाच्या रानातल्या लाकडी झोपड्यांनी. तिथे वीज नसते, पाणी ओढ्यावरून आणायचे, शेगडीपुरती लाकडे आपणच फोडायची आणि निघताना पुढच्या माणसासाठी फोडलेली लाकडे रचून ठेवायची. आम्ही पोचलो तेव्हा कोणा अनोळखी मुलांनी रचलेली लाकडे कोरडी, एका मापाची होती. ती पाहून मला पहिल्यांदा त्या देशात कोणीतरी माझी वाट पाहत होते असे वाटले.

शेवंती

एकटेपणाबद्दल सायंताराशी मी सहमत आहे, आणि मीही ते मूळ लेखात लिहायला हवे होते. एका सत्राच्या मुलांना आणखी एक गोष्ट छळते. स्वीडनमध्ये मुक्काम वर्षाहून कमी असेल तर व्यक्तिक्रमांक (तिथला सरकारी ओळखक्रमांक) मिळत नाही आणि त्यावाचून मोबाइलवरून पैसे देण्याची ‘स्विश’ सेवाही मिळत नाही. जुन्या सायकलींच्या बाजारात सगळे स्विशने पैसे देत होते आणि मी कार्ड हातात धरून उभी होते. लुंडमध्ये मला आधार मिळाला तो ‘नेशन’ म्हणवणाऱ्या विद्यार्थी-मंडळांचा. मुळात ती प्रांताप्रांताच्या मुलांनी बांधलेली, म्हणजे लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या गावमंडळांच्या खोल्या असत तशीच. आता तिथे कोणीही विद्यार्थी सभासद होऊ शकतो. मी रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी घासत असे आणि त्याबदल्यात तिथेच जेवत असे.

एक बाप

आपण सर्वांनी मनापासून लिहिले आहे, पण मला दुःख होते. माझ्या मुलाचे क्रेडिट गेले आणि इथे चार प्रतिसाद ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांवर झाले. मास्तर, आपण बत्तीस वर्षे शिकवलेत, म्हणजे मान्यतेच्या समितीवर आपण कधीतरी बसला असाल. पहिल्या नावाने लिहिलेले पत्र आपण मिटून ठेवलेत. पण आमच्या मुलांची गुणपत्रिका आपल्यापुढे आली तेव्हा आपण ती नीट उघडून पाहिलीत का? हा प्रश्न मी रागानेच विचारतो आहे.

शेवंती

काका, आपला राग योग्य आहे. जाण्यापूर्वी विषयांची यादी करून तिच्यावर दोन्ही विद्यापीठांच्या सह्या घेतल्या तर हे बरेचसे टळते. माझ्या विभागप्रमुखांनी ती सही आधी दिली होती, म्हणून माझे तीसही क्रेडिट धरले गेले. ते माझे कर्तृत्व नव्हते, मला सही देणारे माणूस भेटले होते. पैसे पाण्यात जातात हे आपले म्हणणे मी माझ्या एका अनुभवाने खोडू शकत नाही, एवढे मी मान्य करते. सहल हा शब्द मात्र मला आजही मान्य नाही.

निवृत्त मास्तर

‘एक बाप’ यांनी विचारले आहे, म्हणून उत्तर देतो. मी तीन वर्षे त्या समितीवर होतो. परदेशी सत्र करून आलेल्या दोन मुलांचे अर्ज माझ्यापुढे आले होते आणि दोन्हींवर मी ‘अभ्यासक्रम जुळत नाही’ असा शेरा लिहिला. आमच्या पाठ्यक्रमातली प्रकरणांची नावे त्यांच्या कागदावर शोधली, ती सापडली नाहीत आणि मी सही केली नाही. त्यांनी तिकडे काय लिहिले, कशाचे उत्तर दिले, हे मी त्यांना बोलावून विचारले नाही. त्यातला एक तोच, ज्याचे पत्र मी मिटून ठेवले आहे. त्या पत्राचे उत्तर मी या आठवड्यात लिहीन. मला पहिल्या नावाने हाक मारू नये, हे त्यात पहिल्याच ओळीत लिहीन, आणि त्याखाली त्याच्या अर्जाबद्दल लिहीन.