सिरीयल नंबर नसलेली जपानी लेस पॉल कॉपी: साल कसं काढायचं?

न्यूजर्सीकर

नमस्कार मंडळी. इथे एका गराज सेलमध्ये काळी, गिब्सन कंपनीच्या लेस पॉल मॉडेलच्या आकाराची इलेक्ट्रिक गिटार मिळाली आहे. हेडस्टॉकवरचं (खुंट्या असतात त्या डोक्यावरचं) नाव पूर्ण गेलंय. नेक, म्हणजे लांब दांडा, चिकटवलेला नाही, चार स्क्रूंवर बसवलेला आहे. मागच्या चौकोनी प्लेटवर 'स्टील ॲडजस्टेबल नेक' आणि 'मेड इन जपान' एवढंच कोरलंय, सिरीयल नंबर कुठेही नाही. हेडस्टॉकचं टोक गिब्सनसारखं, उघड्या पुस्तकाच्या आकाराचं. बॉडीवर बोटाने टकटक केलं की पोकळ आवाज येतो. चार नॉबपैकी एक बाकीच्या तिघांपेक्षा घट्ट बसतो.

विकणाऱ्याच्या मते ही '१९७१ची लॉसूट गिटार' आहे. मला दोन गोष्टी हव्या आहेत: कारखाना आणि साल. तारा बदलायच्याच आहेत, त्यामुळे उघडायला हरकत नाही. पण काय, कुठे आणि कशाने उघडायचं ते नीट सांगा.

डागडुजी

आधी हत्यार, कारण पहिलं नुकसान तिथेच होतं. जपानी गिटारचे स्क्रू दिसायला फिलिप्स असले तरी ते जपानी मानकाचे, म्हणजे जिसचे असतात. खाचेचा कोन आणि कोपऱ्याची गोलाई वेगळी असल्याने फिलिप्सचं टोक तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर सटकतं आणि खाच चाटून जाते. नेकच्या स्क्रूंना जिस २ नंबर, पिकअपच्या (तारांचा नाद पकडणाऱ्या भागांच्या) रिंगा आणि मागच्या झाकणाला १ नंबर. जुन्या जपानी मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्यांकडे हेच स्क्रूड्रायव्हर असतात.

आता क्रम.

सगळ्या तारा थोड्या थोड्या, आळीपाळीने सैल करा. एका बाजूच्या पूर्ण आणि दुसऱ्या बाजूच्या ताठ असं नको. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला तर तारा खुंट्यांवरून सुटत नाहीत. गिटार मऊ कापडावर पालथी घाला, डोक्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या. चारही स्क्रू अर्धे अर्धे फिरवून काढा आणि कुठला कुठल्या भोकातला ते कागदावर टोचून ठेवा, कधीकधी लांबी वेगळी असते. नेक रंगाने चिकटला असेल तर ओढू नका. जोडाच्या रेषेवरून धारदार ब्लेड हलक्या हाताने फिरवा, नाहीतर कडेचा जाड रंग टवका होऊन निघतो.

नेक सुटला की नेकच्या टाचेवर आणि बॉडीतल्या खोबणीत बघा. शाईचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले आकडे, तपासणीची चिठ्ठी, जे असेल त्याचा फोटो काढा. खोबणीत कागदाची किंवा लाकडाची पातळ पट्टी असेल तर ती जपून परत तशीच ठेवा. तिने नेकचा कोन ठरतो, ती गेली की ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाची) उंची सगळी चुकते.

परत लावताना स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात उतरताना बारीक 'टक' जाणवतं, मग सुलटा पिळा. थेट पिळला तर लाकडात नवे आटे पडतात आणि एकदोनदा असं झालं की भोक पोकळ.

मग मागचं झाकण काढून पॉटच्या (नॉबखालच्या, आवाज कमीजास्त करणाऱ्या भागाच्या) पाठीवर कोरलेले आकडे टिपा. पिकअपही वर काढून त्यांची पाठ बघा. ॲसिटोनने रंग तपासण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या काळातल्या निर्यातीच्या जपानी गिटारांवर बहुतेक पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन असतं, त्याला काही होत नाही. त्यातून साल कळत नाहीच, वर कडेची प्लास्टिकची किनार मात्र विरघळते.

नागानो_नाद

'लॉसूट', म्हणजे कॉपीवरून गिब्सनने दावा लावलेली, हा शब्द विसराच. दावा एकच झाला. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने १९७७मध्ये इबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकन वितरकावर, पेनसिल्व्हेनियातल्या एल्गर कंपनीवर, फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात तो लावला. मुद्दा होता हेडस्टॉकच्या आकाराचा. १९७८मध्ये तडजोड झाली, आणि इबानेझने तो आकार त्याआधीच, १९७६मध्ये, बदलायला घेतला होता. तुमच्या गिटारवर इबानेझचं नाव नाही, म्हणजे या दाव्याशी तिचा संबंध जोडायला काही आधार नाही. विकणारे हा शब्द किंमत चढवायला वापरतात.

उघड्या पुस्तकाच्या टोकावरूनही साल ठरत नाही. जपानच्या आतल्या बाजारासाठी ग्रेको, टोकाई, बर्नी हे ब्रँड तो आकार दाव्यानंतरही वापरत होते.

पण 'मेड इन जपान' ही अक्षरं कामाची आहेत. अमेरिकेच्या १९३०च्या टॅरिफ कायद्यानुसार आयात मालावर मूळ देशाचं नाव लागतं. जपानमध्येच विकायच्या गिटारला ही सक्ती नव्हती. म्हणजे तुमची गिटार बहुधा निर्यातीसाठी बनली. हेच नाव कधी नुसत्या कागदी स्टिकरवर असायचं, म्हणून कित्येक जपानी गिटारांवर आज देशाचं नावच सापडत नाही.

कारखान्याबद्दल. हेडस्टॉकवरचं नाव बहुधा आयातदाराचं असतं, बनवणाऱ्याचं नाही. अमेरिकेतले आयातदार नमुना आणि नाव द्यायचे, माल जपानी कारखान्यातून यायचा. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात फुजिजेन आणि मात्सुमोकू हे दोन मोठे. फुजिजेनमधून इबानेझ आणि ग्रेको. मात्सुमोकू आधी सिंगर शिलाई मशीनची लाकडी कपाटं बनवायचा, नंतर तिथून आरिया, युनिव्हॉक्स, इलेक्ट्रा, वेस्टोन आणि १९७०च्या सुमारापासून एपिफोनही निघाल्या. 'स्टील ॲडजस्टेबल नेक'ची प्लेट संग्राहक मात्सुमोकूची खूण मानतात. मी ती पुरावा म्हणून धरत नाही. प्लेट, खुंट्या, ब्रिज हे सुटे भाग बाहेरून यायचे आणि एकाच पुरवठादाराचा माल अनेक कारखान्यांत जायचा. शिवाय चार स्क्रूंची प्लेट बदलायला पाच मिनिटं लागतात.

पोकळ आवाज अपेक्षितच आहे. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या स्क्रूवाल्या लेस पॉल कॉप्यांमध्ये वरचा फुगीर भाग दाबून वळवलेल्या प्लायवुडचा असतो आणि त्याखाली पोकळी असते. पिकअपच्या खाचेत टॉर्च मारा, प्लायवुडचे थर कडेला स्पष्ट दिसतील.

हेडस्टॉकचं नाव शोधायचं तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च अगदी आडवा, पृष्ठभागाला टेकवून धरा. अक्षरं गेली तरी त्यांची कड बऱ्याचदा सावलीत उमटते.

न्यूजर्सीकर

खूप आभार. जिसचे स्क्रूड्रायव्हर मागवून आज उघडली. सापडलं ते असं:

टाचेवर पेन्सिलीने '४९.६.१२'. खोबणीत शाईने '४९.६', पुढचं पुसट. १९४९ शक्यच नाही, मग हा मॉडेल नंबर का? चारपैकी तीन पॉटवर फक्त 'ए ५०० के'सारखी अक्षरं आहेत. चौथ्यावर, घट्ट नॉबवाल्यावर, '१३७८०१६'. याचा अर्थ गिटार १९७८ची का? पिकअपच्या पाठीवर काहीच नाही. हेडस्टॉकवर आडव्या उजेडातही काही दिसलं नाही.

डागडुजी

उत्तर मिळालं की! ४९ हे शोवा साल आहे. जपानी सम्राटाच्या कारकिर्दीची ही कालगणना, शोवा १ म्हणजे १९२६. शोवा सालात १९२५ मिळवायचे: ४९ अधिक १९२५ म्हणजे १९७४. नेकवर १२ जून १९७४, बॉडीवर जून १९७४. (८ जानेवारी १९८९पासून हेइसेई सुरू होतं, तिथे १९८८ मिळवायचे.) त्या काळातल्या यामाहाच्या अकूस्टिक गिटारांच्या आतही अशाच तारखा सापडतात. नुसतं '४९' असतं तर मी तुकडीचा नंबर म्हणून सोडून दिलं असतं. साल, महिना, दिवस असे तीन भाग, आणि नेक व बॉडी दोन्हीकडे तोच महिना, म्हणून खात्री वाटते. फक्त नेकवर तारीख असती तर नेक बदललेला नाही ना, ते आधी बघावं लागलं असतं: खोबणीत बुजवलेली भोकं, स्क्रूच्या रेषेत न येणारी भोकं, कडेला फट.

ही लाकूडकामाची तारीख आहे. रंग, जुळणी, जहाज हे सगळं त्यानंतर. दुकानात ती १९७४च्या शेवटी किंवा १९७५मध्ये आली असेल.

१३७८०१६ असं फोडा: १३७, ८०, १६. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस ही अमेरिकन कंपनी. (३०४ असतं तर स्टॅकपोल, १३४ असतं तर सेंट्रालॅब.) मग साल ८०, मग आठवडा १६वा. म्हणजे हा पॉट १९८०च्या एप्रिलमधला, आणि अमेरिकन. तो नंतर बसवलाय, १९८०च्या आधी नाही. जुन्या गिटारमध्ये नवा भाग सापडला तर दुरुस्ती कधीच्या आधी झाली नाही एवढंच कळतं, गिटारचं वय नाही. उलट सगळेच भाग मूळचे असते तर त्यातला सर्वांत नवा भाग मोजायचा.

नॉब घट्ट का, तेही यात आलं. सीटीएसच्या दांड्याला २४ बारीक दात असतात आणि व्यास ६.३५ मिमी, जपानी दांड्याला १८ जाड दात आणि ६ मिमी. ओढून काढताना नॉब फुटेल. पातळ कापडाची पट्टी नॉबखाली सरकवून दोन्ही टोकं एकत्र धरा आणि सरळ वर खेचा. पॉटच्या गळ्याचं भोकही तपासा: जपानी मोठ्या पॉटला ८ मिमी लागतं, सीटीएसला साधारण ९.५. कोणी भोक वाढवलं असेल तर मूळ मापाचा पॉट आता वॉशरशिवाय बसणार नाही.

तिसरा_फ्रेट

नंबर असलेल्या गिटार घेऊन येणाऱ्यांसाठी इथेच लिहून ठेवतो, कारण खरी फसगत नंबर असतानाच जास्त होते. नंबर कुठल्या कारखान्याच्या पद्धतीचा आहे ते कळल्याशिवाय तो वाचू नका.

इबानेझ, फुजिजेनची: १९७५च्या अखेरीपासून एक अक्षर आणि सहा आकडे. 'ए' म्हणजे जानेवारी, 'एल' म्हणजे डिसेंबर, मग दोन आकडे सालाचे. 'जी ७८२३४१' म्हणजे जुलै १९७८. त्याआधीच्यांवर नंबर नाहीच. पण १९८७पासून 'एफ' म्हणजे फुजिजेन, आणि पुढचा एकच आकडा सालाचा. त्यामुळे 'एफ ८०१२३४' जून १९८०ची असू शकते किंवा १९८८ची. नंबर इथे काही सोडवत नाही, गिटार बघावी लागते: इबानेझचं आरजी मॉडेल असेल तर १९८० शक्य नाही, ते १९८७मध्ये आलं.

फेंडर जपान, म्हणजे अमेरिकन फेंडर कंपनीचा जपानी उपक्रम, मार्च १९८२मध्ये सुरू झाली, गिटार फुजिजेनमध्ये बनायच्या. नंबराच्या सुरुवातीला 'जेव्ही' असेल तर १९८२ ते ८४, 'एसक्यू' १९८३ ते ८४, 'ई' साधारण १९८४ ते ८७. आणि अमेरिकन फेंडरवर 'ई' म्हणजे ऐंशीचं दशक, 'ई ४' म्हणजे १९८४! शिवाय फेंडरच्याच स्क्वायर ब्रँडच्या कोरियन गिटारवरही 'ई'ने सुरू होणारे नंबर आहेत. म्हणून अक्षराच्या आधी देशाचं नाव वाचा.

मात्सुमोकूच्या नंबरांत पहिला किंवा पहिले दोन आकडे सालाचे, ब्रँडनुसार पद्धत बदलते. सुरुवातीचा एकटा ४ हा १९७४ही असेल आणि १९८४ही. कारखाना १९८७मध्ये बंद झाला, त्यानंतरचं साल निघालं तर वाचण्यात चूक आहे.

न्यूजर्सीकर, पिकअपची पाठ कोरी आहे, तेव्हा झाकणाखाली काय आहे तेही बघून घ्या. या कॉप्यांमध्ये हमबकरच्या (दोन कॉइलच्या पिकअपच्या) झाकणाखाली अनेकदा एकच कॉइल असते. ॲम्प हळू आवाजात सुरू ठेवून लहान लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं टोक झाकणावर दोन्ही रांगांवर आळीपाळीने टेकवा. खरा हमबकर दोन्हीकडे सारखाच 'ठक' वाजतो. एकच कॉइल असेल तर आवाज तिच्यावरच जोरात येतो. रोध मोजायचा तर गिटारमध्ये केबल लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण, एकच पिकअप निवडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला, प्लगचं टोक आणि त्यामागची बाही यांमध्ये, मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा. व्हॉल्यूमचा पॉट समांतर जोडलेला असतो म्हणून आकडा जरा कमी दिसतो: ८ किलोओहमचा पिकअप ५०० किलोओहमच्या पॉटसोबत ७.८७ दाखवेल.

न्यूजर्सीकर

दोन्ही पिकअपमध्ये 'ठक' मधोमधच येतो, म्हणजे एकेकच कॉइल. ४.१ आणि ४.३ किलोओहम. पॉटचं भोक वाढवलेलं आहे. आता मूळ मापाचा जपानी पॉट शोधू का? आणि हेडस्टॉकवर एखादं नाव लावून घेतलं तर चालेल का?

नागानो_नाद

नाव लावू नका. आज ती 'जून १९७४, निर्यातीची, कारखाना कदाचित मात्सुमोकू (नुसत्या प्लेटवरून), ब्रँड अज्ञात' एवढी प्रामाणिक गिटार आहे. खोटं नाव लागलं की पुढच्या माणसाचा टाचेवरच्या तारखेवरचाही विश्वास उडेल. हेच चार शब्द आणि तारखांचे फोटो केसमध्ये पाकिटात ठेवा.

डागडुजी

पॉट चालत असेल तर राहू द्या, भोक वाढलंच आहे. फक्त २४ दातांचा नॉब घ्या, जुना जबरदस्तीने बसवलेला लवकरच तडकेल. आणि तो जुना नॉब फेकू नका, बाकीच्या तिघांचा जोड आहे.