राजाने सही नाकारली तर?

लोकशाही देशांतल्या नामधारी राजांबद्दल एक प्रश्न नेहमी विचारला जातो: संसदेने केलेल्या कायद्यावर सही नाकारता येत नसेल तर राजा हवाच कशाला? ब्रिटनमध्ये संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजसंमती (कायदा होण्यासाठी लागणारी राजाची औपचारिक मंजुरी) शेवटची नाकारली गेली ती १७०८ मध्ये, राणी ॲनच्या काळात, आणि तीही मंत्र्यांच्याच सल्ल्याने. पण बेल्जियमचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. १९९० मध्ये तिथले राजे बोदुआँ यांच्या मनाला गर्भपाताला मुभा देणारा कायदा पटेना, म्हणून ते सही करेनात. मग मंत्रिमंडळाने 'राजे कारभार करण्यास असमर्थ आहेत' असं जाहीर केलं, कायद्यावर स्वतः सह्या केल्या, आणि दुसऱ्याच दिवशी संसदेने त्यांना पुन्हा गादीवर आणलं. राजाचं मन राखलं गेलं, कायदाही अडला नाही! स्वीडनने तर १९७४ च्या राज्यघटनेत पंतप्रधान नेमण्याचं काम राजाकडून काढून सभापतींकडे दिलं.

आमच्या रत्नागिरीकडे शिमग्यात पालखीपुढे मानकऱ्यांचा मान पहिला, पण पालखीचा कार्यक्रम गाव बसून ठरवतं. राजाचं तसंच. मात्र हा मान पोकळ नव्हे. ब्रिटनचा राजा पंतप्रधानांना नियमित भेटतो, बंद दाराआड सल्ला देतो, इशाराही देऊ शकतो. कुठल्याच पक्षाचा नसलेल्या माणसाचा असा शब्द कुठल्याही पंतप्रधानाच्या कानी पडायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.