केळशीला सासऱ्यांसाठी रेडिओ: हँडलवाला, सोलरवाला की साधा?

केळशीची_सून

नमस्कार मंडळी. मी पुण्यात, सासू-सासरे कोकणात केळशीला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत वीज यायला महिना उलटला. मोबाइलचा टॉवर तर पहिल्याच दुपारी गेला. चार दिवस आम्हाला घरचं काही कळेना आणि त्यांना बाहेरचं. शेजारी एकांकडे जुना ट्रान्झिस्टर होता, संध्याकाळी त्यांच्या ओटीवर वीसेक माणसं बातम्यांना बसायची म्हणे.

यंदा पावसाळ्याआधी नानांना, म्हणजे सासऱ्यांना, रेडिओ द्यायचाय. ऑनलाइन 'इमर्जन्सी रेडिओ' पाहिले. हँडल फिरवायचं, वर सोलर, टॉर्च, सायरन, मोबाइल चार्जिंग आणि 'वेदर बँड' नावाचं एक बटण. इकडे नानांचा हट्ट, शॉर्टवेव्ह हवंच. जन्मभर बीबीसी हिंदी ऐकलेला माणूस. वय ७८, बारीक अक्षर दिसत नाही. काय घेऊ?

घाटवाटा

माझ्याकडे हँडलवाला आहे, ट्रेकला नेतो. टॉर्च झकास, रेडिओ ठीक. मोबाइल चार्जिंगच्या नादी मात्र लागू नका. एकदा दहा मिनिटं दंड भरून येईपर्यंत फिरवलं, फोन जेमतेम एक टक्का हलला.

गंजलेली_स्प्रिंग

ताई, चिपळुणात माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात गेलं. म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधी ते 'वेदर बँड'. ते अमेरिकेतलं प्रकरण. तिथे १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवर हवामान खात्याच्या सूचना चोवीस तास चालू असतात. आपल्याकडे ते बटण दाबलंत तर नुसती खरखर. त्या बटणासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

तुम्हाला हवं ते मीडियम वेव्ह. एफएमला मध्ये डोंगर आला की संपलं, आणि केळशीला डोंगरांना काय तोटा? मीडियम वेव्ह जमिनीला धरून चालतं, खाऱ्या पाण्यावरून तर आणखी लांब जातं. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झ, किनाऱ्यावर भर दुपारी ऐकलीय मी. आवाज बारीक आला तर काडी (वर ओढायची अँटेना) ओढत बसू नका, मीडियम वेव्हला काडीचा उपयोग नाही. आतला फेराइटचा दांडा काम करतो, म्हणून अख्खा रेडिओच हळूहळू गोल फिरवायचा. एका बाजूला आवाज एकदम भरतो.

आकडे दिसणारा डिजिटल सेट घेतलात तर एक गोम आहे. आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १० च्या. सेट १० वर असला तर ५५० नंतर थेट ५६०, मधलं ५५८ हुकतं आणि आवाज घशात बोळा कोंबल्यासारखा येतो. असे दोन सेट 'बिघडलेत' म्हणून माझ्याकडे आले होते. बहुतेक सेटमध्ये ९/१० बदलता येतं, तेवढं बघून घ्या.

सोलर? पत्त्याएवढी काच कडक उन्हात फार तर एक वॉट देते. आणि गरज कधी पडणार, तर जूनमध्ये, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा. हँडल शेवटचा उपाय म्हणून असू द्या, पण आतली चाकं प्लास्टिकची असतात. जोर लावला की दात जातात आणि सुटी मिळत नाहीत. त्यापेक्षा पेन्सिल सेलवर चालणारा बघा. पेन्सिल सेल कुठल्याही वाण्याकडे मिळतो. आतल्या आत बसवलेली बॅटरी वर्षभर कपाटात विसरली की ऐनवेळी मेलेली निघते.

आता शॉर्टवेव्ह. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं, हे नानांना कुणीतरी हळूच सांगा. तरी बँड असू द्या. हे सिग्नल वर आयनोस्फिअरला, म्हणजे आकाशातल्या विद्युतभारित थराला, आपटून हजारो किलोमीटरवर उतरतात, गावचा टॉवर पडला काय नि उभा राहिला काय. रात्री ४९, ४१, ३१ मीटरचे बँड लावा; दिवसा १९ आणि १६ चे. इथे मात्र काडी लागते. तिला पाच-सात मीटर साधी वायर चिमट्याने अडकवून माडाला बांधली की फरक कळतो. विजा कडाडायला लागल्या की वायर आधी काढायची, चहा नंतर.

आणि एक गंमत. वीज गेली की रेडिओ सुधारतो! एलईडी ट्यूब, चार्जर, केबलचा डबा, सगळ्यांची घरघर एकदम बंद. काळोखात जितकं स्वच्छ ऐकलंय तितकं उजेडात नाही.

लायसन्सवाला_हॅम

काकांशी सहमत. फक्त एक जोडतो. २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातल्या कितीतरी लोकांची खुशाली हॅम मंडळींनी, म्हणजे आमच्यासारख्या परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांनी, घरी पोहोचवली. आपत्तीत आम्ही बरेचदा ७ मेगाहर्ट्झच्या आसपास असतो. ते बोलणं साध्या रेडिओवर बदक बोलल्यासारखं येतं, कळायला सेटमध्ये एसएसबी, म्हणजे तसलं बोलणं उलगडायची सोय, लागते. टेकसन पीएल-३३० या सेटमध्ये ती आहे. पण बटणं बारीक आणि एकेका बटणाची दोन-दोन कामं, ७८ व्या वर्षी नको. तो तुम्हीच घ्या.

केळशीची_सून

आत्ताच नानांना फोन केला. म्हणाले, "अगो, बीबीसी बंद झालं ते मला ठाऊक नाही की काय? रात्री दुसरं काय काय लागतंय ते शोधायला हवंय मला." आणि वेदर बँडचं सांगितलं तर म्हणे, "हर्णैच्या बंदरात वादळाचा बावटा लागला की कळतंच आम्हाला." आकड्यांचा नको, गोल बटण फिरवायचाच पाहिजे, अशी ऑर्डर आहे.

गंजलेली_स्प्रिंग

मग प्रश्न मिटला. डायलवाल्याला ९ आणि १० ची भानगडच नाही. एफएम, मीडियम वेव्ह आणि दोन-तीन शॉर्टवेव्ह असलेला, मोठ्या स्पीकरचा घ्या. नेऊन दिलात की एकदा अस्मिता लावा आणि काटा थांबतो तिथे काचेवर तुमच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या. लाल चालेल. नाना रोज ऐकणार असतील तर सेल आत राहू देत. नाहीतर काढून रेडिओच्या पाठीला रबर लावून ठेवायला सांगा. पाझरलेल्या सेलने गंजलेल्या स्प्रिंगा घासण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय.